पुस्तकाचा प्रस्ताव : मोजलं तेवढंच लिहायचं

(मंडळाच्या सभासद-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला, "यंदा तुम्ही बोलायचं. तुमचं पुस्तक येतंय म्हणे." मी म्हटलं, "पुस्तक कुठलं यायला! अजून नुसता करार झालाय." ते म्हणाले, "मग करार कसा झाला ते सांगा. आमच्या घरीही दोघंतिघं लिहिताहेत, पण पुढे काय करायचं ते कुणाला ठाऊक नाही." म्हणून उभा राहिलोय.

मी व्याख्याता नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि राज्य सरकारच्या सिंचन खात्यात लागलो, त्याला बावीस वर्षं झाली. आमच्या कामात लिहायचं म्हणजे एम.बी., मोजमाप पुस्तक. पहिल्याच साइटवर वरिष्ठांनी सांगितलं होतं, "मोजलं तेवढंच लिहायचं. डोळ्यांनी अंदाज केलेलं एम.बी.त चढवायचं नाही." पुस्तकाच्या नादात मला हेच वाक्य पुन्हा शिकावं लागलं. आजच्या भाषणाचा सगळा सारांश तोच आहे. बाकीचा तपशील.

पुस्तकाचा विषय आधी सांगतो. नोकरीत माझ्याकडे गावोगावचे छोटे तलाव असतात. सांडवा फुटला, बांध खचला, गाळ साचला की पाहणी करायची आणि अंदाजपत्रक करायचं. डभोईच्या बाजूला कुठल्याही गावात विचारलं की हा तलाव कधीचा, तर म्हातारी माणसं सांगतात, "छप्पनियामां खोदायेलुं, साहेब." छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६चा दुष्काळ, इंग्रजी १८९९-१९००. पाऊस गेला, गुरं गेली, माणसं गेली. दुष्काळी कामं निघाली, त्यांत तलाव खोदले गेले. सयाजीराव महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले. त्या दौऱ्याच्या नोंदी पुढे १९०१ मध्ये लंडनच्या मॅकमिलननं पुस्तकरूपानं छापल्या. हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न यायचा, आणि तो अगदी ओव्हरसियरचा प्रश्न होता : तलाव खोदला, ठीक. पण दुष्काळ सरल्यावर त्याचा गाळ कोणी काढला?

या प्रश्नामागे मी नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी हिंडलो. तलाव मोजले, अभिलेखागारात बसलो, मध्यवर्ती ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात जाऊन वाचलं. आणि चारशे पानं लिहिली.

इथून माझ्या चुका सुरू होतात.

आपल्या मराठीत सहसा असं असतं की, लेखक पुस्तक पुरं करतो, ओळखीचा प्रकाशक बघतो आणि हस्तलिखित त्याच्या हातात देतो. मीही तेच केलं. चारशे पानं इंग्रजीत टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून दिल्लीच्या एका नामांकित प्रकाशनसंस्थेला कुरिअरनं पाठवली. वर एक पत्र : 'सोबत हस्तलिखित जोडले आहे, कृपया प्रसिद्ध करावे.' आठ महिने झाले तरी ना होकार, ना नकार. बहुधा कुणी बाड उघडलंही नसेल. त्यांना दोष देत नाही. माझ्या टेबलावर कुणी मंजुरीशिवाय चारशे पानांचा नकाशा टाकून गेलं, तर मी तरी काय करीन?

दुसरी चूक याहून महाग पडली असती. नेटवर एक प्रकाशक सापडला. नमुना पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी उत्तर हजर : 'आपले लेखन अत्यंत मौलिक आहे, आम्ही स्वीकारत आहोत.' खाली बँक खात्याचा नंबर आणि पंचेचाळीस हजार रुपये. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. पैसेही काढून ठेवले होते. बायकोनं एकच विचारलं, "तीन दिवसांत चारशे पानं वाचली कोणी?" पैसे वाचले ते तिच्यामुळे.

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट. विद्यापीठीय किंवा अभ्यासग्रंथांचा चांगला प्रकाशक तुमचं लेखन आधी तज्ज्ञांकडून तपासून घेतो, आणि त्याला महिने लागतात. दोन-तीन दिवसांत स्वीकार, भरपूर स्तुती आणि लगेच पैशांची मागणी, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की तिथून उठायचं. काही प्रतिष्ठित संस्था पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुलं करायचं असेल तर शुल्क घेतात. पण ती वेगळी सोय आहे, ती ऐच्छिक असते आणि तिथंही तपासणी चुकत नाही.

यानंतर मी माझ्या एका शाळासोबत्याकडे गेलो. तो इथल्याच कॉलेजात इतिहास शिकवतो. तो म्हणाला, "अरे, तू बांधकाम संपवून मंजुरी मागतोयस. आधी अंदाजपत्रक द्यायचं असतं." त्यानं मला विल्यम जर्मानो यांचं 'गेटिंग इट पब्लिश्ड' वाचायला दिलं. लेखक स्वतः प्रकाशनव्यवसायात मुरलेले. लॉरा पोर्टवुड-स्टेसर यांचं २०२१चं 'द बुक प्रपोजल बुक' मी नंतर स्वतः मागवलं. दोन्हींमधून कळलं ते असं : अभ्यासग्रंथांचे प्रकाशक सहसा आधी प्रस्ताव मागवतात. दहा-पंधरा पानांचा कागद आणि सोबत एक-दोन नमुना प्रकरणं. बहुतेकांच्या संकेतस्थळावर त्याचा ठरलेला नमुना असतो, प्रत्येकाचा थोडा वेगळा. तो उतरवून घ्यायचा आणि एकेक रकाना भरायचा. आमच्या खात्यात तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, मग निविदा, मग काम. पुस्तकाचंही तसंच आहे हे कळल्यावर मला हायसं वाटलं. मी म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम.

पण तो चौदा पानांचा कागद करायला मला पाच महिने लागले. का लागले, ते रकान्यांच्या क्रमानं सांगतो.

पहिला रकाना : पुस्तकात तुमचं म्हणणं काय? लक्षात घ्या, विषय काय असं विचारलेलं नाही. मी लिहिलं, 'बडोदे संस्थानातील तलावांचा साद्यंत इतिहास.' मित्रानं कागद परत केला. "हा विषय झाला. म्हणणं सांग. तीन वाक्यांत." आठवडाभर मला तीन वाक्यं जमली नाहीत. चारशे पानं लिहिलेल्या माणसाला तीन वाक्यं जमत नाहीत, याचा अर्थ काय तो तुम्ही समजा. शेवटी माझा गाळाचा प्रश्न कामी आला. मी लिहिलं : दुष्काळी कामानं तलाव खोदला जातो, पण तो टिकतो तो वर्षानुवर्षांच्या देखभालीनं. खोदणारे कोण, पाणी घेणारे कोण आणि सांभाळणारे कोण, यांचा मेळ जिथं बसला नाही, तिथं तलाव गाळानं भरला. हे मी काही तलावांच्या मोजमापावरून आणि कागदांवरून दाखवतो. झालं. एवढं लिहिल्यावर चारशेपैकी दीडशे पानं आपोआप गळाली. गायकवाड घराण्याची वंशावळ, राजवाड्याचं वर्णन, महाराजांच्या परदेश दौऱ्यांची हकीकत... सगळं आवडीनं लिहिलं होतं, पण गाळाशी त्याचा संबंध नव्हता.

दुसरा रकाना : या विषयावर आधीची पुस्तकं कोणती? मी मोठ्या अभिमानानं लिहिलं, 'या विषयावर आजवर एकही पुस्तक नाही.' मित्र हसला. "मग संपादक म्हणेल, वाचकही नसतील." एकही पुस्तक नाही असं लिहिणारा माणूस बहुधा ग्रंथालयात गेलेलाच नसतो, असं प्रकाशक धरून चालतात. मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. गुजरातच्या विहिरी-वावांवर जुट्टा जैन-न्यूबाउअर यांचं १९८१चं पुस्तक आहे. देशभरातल्या पारंपरिक जलसाठवणीवर अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी संपादलेलं 'डाइंग विज्डम' आहे, १९९७चं. तमिळनाडूतल्या तलावांवर डेव्हिड मॉस यांचं 'द रूल ऑफ वॉटर', २००३चं. बडोदे आणि म्हैसूर संस्थानांच्या शिक्षणधोरणावर मनु भगवान यांचं 'सॉव्हरिन स्फिअर्स', तेही २००३चं. प्रत्येकाबद्दल दोन-तीन वाक्यं लिहायची : याचं म्हणणं काय आणि त्याच्या पुढे मी काय घालतो. दुसऱ्याला कमी लेखायचं नाही. आपण शेजारी घर बांधताना शेजाऱ्याची भिंत पाडत नाही, ती कुठपर्यंत आहे ते नकाशावर दाखवतो. हा रकाना भरताना मला माझीच जागा पहिल्यांदा नीट दिसली. वावा झाल्या, दक्षिणेतले तलाव झाले, संस्थानाचं शिक्षणधोरण झालं. संस्थानी मुलखातला साधा गावतलाव आणि त्याची देखभाल, ही जागा रिकामी होती.

तिसरा रकाना वाचकांचा. मी लिहिलं, 'सर्वांना उपयुक्त.' हेही खोडलं गेलं. सर्वांसाठी असलेलं पुस्तक दुकानदार कुठल्याच फळीवर ठेवू शकत नाही. नेमकं लिहायचं : पाण्याचा इतिहास शिकणारे विद्यार्थी, संस्थानांवर काम करणारे अभ्यासक, जलसंधारणात काम करणारे इंजिनिअर आणि संस्था, आणि विद्यापीठांची ग्रंथालयं. अशा पुस्तकांचे मोठे गिऱ्हाईक ग्रंथालयंच असतात, हे मला तेव्हा कळलं.

चौथा रकाना आकड्यांचा. एकूण शब्द किती, टिपांसह. छायाचित्रं किती, नकाशे किती, रंगीत की काळे-पांढरे. कुठल्या चित्राला कुणाची परवानगी लागेल. हस्तलिखित कुठल्या तारखेला देणार. इथं मात्र मी वाघ! ऐंशी हजार शब्द, बावीस छायाचित्रं, सहा नकाशे, अठरा महिने. एक सल्ला देतो. अंदाजपत्रकात आपण थोडी काँटिंजन्सी धरतो, तशी तारखेतही धरा. घरात लग्न निघतं, ऑफिसात निवडणुकीची ड्यूटी लागते. तारीख पाळणारा लेखक प्रकाशकाला फार आवडतो, कारण तसे लेखक थोडे असतात.

पाचवा रकाना : तुम्ही कोण? या रकान्याशी मी सगळ्यात जास्त वेळ अडलो. माझ्याकडे पीएच.डी. नाही. एम.ए. नाही. बी.ई.सुद्धा नाही. पहिल्या खर्ड्यात मी 'इंजिनिअर व संशोधक' असं गुळमुळीत लिहून डिप्लोमा लपवला होता. मित्रानं तो शब्द खोडून विचारलं, "तुला असं काय येतं, जे पीएच.डी.वाल्याला येत नाही?" मग मी साधं खरं लिहिलं. सिव्हिलचा डिप्लोमा. बावीस वर्षं छोट्या तलावांच्या देखभालीचं काम. बांधाचा छेद स्वतः मोजता येतो. मराठी, गुजराती वाचता येतं; मोडी वाचता येते. आणि घरात दुष्काळी कामाच्या हजेरीच्या मूळ वह्या आहेत. पुढे संपादकबाईंचं पहिलं उत्तर आलं तेव्हा त्यांनी नेमकं याच ओळींबद्दल विचारलं होतं. पदवीचा प्रश्न त्यांनी आजपर्यंत काढलेला नाही. पदवी असेल तर चांगलंच, पण या कागदावर ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ती नाही म्हणून पुरावा कमी होत नाही.

आता त्या वह्यांबद्दल. हे घरचं आहे, पण सांगितलं पाहिजे.

आमचं जुनं घर दांडिया बाजारात होतं. घरात लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो : छप्पनियात पणजोबांनी तलाव बांधला आणि खूश होऊन महाराजांनी त्यांना चांदीच्या मुठीची काठी दिली. ती काठी आत्याच्या खोलीत आहे. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. दर दसऱ्याला ती काठीला हळदकुंकू लावते. माझ्या चारशे पानांच्या हस्तलिखिताची सुरुवातच त्या काठीनं झाली होती.

प्रस्तावात प्रकरणवार आराखडा द्यावा लागतो : प्रत्येक प्रकरणात काय म्हणणार आणि ते कशाच्या आधारावर. मी आपला एम.बी.सारखा तक्ता आखला. डावीकडे म्हणणं, उजवीकडे पुरावा. पहिल्याच ओळीत डावीकडे लिहिलं, 'पणजोबांनी तलाव बांधला.' उजवीकडे लिहिण्यासारखं एकच होतं : 'आत्या.'

आत्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या वह्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या मोडीत. घरात कुणाला वाचता येत नव्हत्या, म्हणून सगळे नमस्कार करून ट्रंक बंद करायचे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी रविवारच्या वर्गाला बसून मोडी शिकलो. दीड वर्षानं पहिली वही वाचता आली.

तलाव पणजोबांनी बांधलेला नव्हता. तो आधीपासून होता. त्या वर्षी तो खोल केला गेला आणि बांध उंच केला गेला. पणजोबा त्या कामावर हजेरी-कारकून होते. काठीचा उल्लेख कुठल्याही पानावर नाही. पण पानापानांवर नावं आहेत. कामावर आलेल्या माणसांची, बायकांची, मोठ्या पोरांची नावं, प्रत्येकाचं गाव आणि रोजची हजेरी. काही नावांपुढची हजेरी एखाद्या दिवशी थांबते आणि पुन्हा येत नाही. का, ते वहीत लिहिलेलं नाही. म्हणून मीही लिहिलेलं नाही.

हे आत्याला सांगायचं कसं? पण न सांगता छापायचं म्हणजे तिला फसवणं. एका संध्याकाळी सांगितलं. तिनं विचारलं, "मग काठी?" मी म्हटलं, "काठीचं काही लिहिलेलं नाही, आत्या." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती वही आण. काय लिहिलंय ते वाचून दाखव." मी नावं वाचायला लागलो. दोन पानं झाली, तीन झाली. मध्येच म्हणाली, "एवढी माणसं होती?" मी म्हटलं, ही एका वहीतली. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "यांची नावं घाल पुस्तकात. काठी आपली घरात राहू दे."

पहिलं प्रकरण मी फाडून टाकलं आणि त्या हजेरीपासून नवीन लिहिलं. नमुना प्रकरण म्हणून तेच पाठवलं. प्रस्तावाचा तक्ता आखला नसता तर माझं पुस्तक एका खोट्या वाक्यानं सुरू झालं असतं, आणि खरी गोष्ट ट्रंकेतच राहिली असती.

प्रस्ताव पाठवल्यावर काय होतं ते आता थोडक्यात. त्या विषयाचं काम बघणाऱ्या संपादकाला नावानिशी पत्र लिहायचं, अर्ध्या पानाचं. त्यांना रस वाटला तर त्या प्रस्ताव आणि नमुना प्रकरणं दोन तज्ज्ञांकडे पाठवतात. तज्ज्ञांची नावं आपल्याला कळत नाहीत. प्रस्ताव एकाच वेळी चार ठिकाणी पाठवायचा असेल तर तसं आधीच सांगायचं. तज्ज्ञांकडे गेल्यावर मात्र गुपचूप दुसरीकडे देणं बरं नाही, कारण ती माणसं वेळ काढून वाचत असतात.

साडेचार महिन्यांनी माझ्याकडे दोन अभिप्राय आले. पहिला चांगला होता, नकाशे वाढवा म्हणाला. दुसऱ्यानं मला सोलून काढलं. एक, एका तलावाच्या हजेरीवरून तुम्ही सगळ्या संस्थानाबद्दल कसं बोलता? दोन, मजुरीचे आकडे बाबाशाही रुपयांत आहेत की इंग्रजी कलदारांत? त्या सुमाराला संस्थानाचं बाबाशाही नाणं जाऊन कलदार येत होता, आणि दोन्हींची किंमत सारखी नव्हती. तीन, तुमच्याच यादीत एवढी बायकांची नावं आहेत, मग प्रकरणात त्या कुठं आहेत? चार, बांधाचे छेद आणि मोरीची ड्रॉइंग काढून टाका, वाचकाला कंटाळा येईल.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी वाटलं, सोडून द्यावं. पण आमच्याकडे ऑडिटचा शेरा आला की चिडून चालत नाही, परिच्छेदवार खुलासा द्यावा लागतो. तसाच दिला. पहिला मुद्दा बरोबर होता. मी पुस्तकाचं नाव बदललं आणि 'बडोदे संस्थान' काढून 'डभोई परिसर' केलं. दुसरा बरोबर होता. मी दोन्ही नाणी एकत्र मिसळली होती, सगळे आकडे पुन्हा तपासले. तिसऱ्या मुद्द्याची लाज वाटली. बायकांच्या कामावर वेगळं प्रकरण घेतलं. चौथा मुद्दा मात्र मी नाकारला. लिहिलं, ही ड्रॉइंग सजावट नाहीत, तोच माझा पुरावा आहे. गाळ किती आणि कुठं साचला ते छेदावरूनच कळतं. तीन पानांचा खुलासा झाला. संपादकमंडळानं तो मान्य केला, ड्रॉइंगसकट.

या वेळी एक उदाहरण मला फार धीर देत होतं, आणि ते आपल्या बडोद्याशी जोडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये ते याच शहरात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तीही गोष्ट आपण विसरता कामा नये. त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी १९२३ मध्ये काढलं. प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी काही मुद्द्यांवर आपला मतभेद उघड नोंदवला आहे, आणि तरीही पुस्तकाचं मोल मानलं आहे. त्याच प्रकाशकानं १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ काढला, तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. बाबासाहेबांशी माझी बरोबरी करायचं मनातही आणू नका. सांगायचं एवढंच, की जाणकाराचा मतभेद हा अपमान नसतो. आपलं म्हणणं त्यानं मनावर घेतलं, याची ती पावती असते.

करारातल्या चार गोष्टी सांगतो, कारण चिटणीसांनी तेवढ्यासाठीच बोलावलंय. पहिली, लेखकानं पैसे द्यायचे नाहीत. रॉयल्टी मिळते, पण ती थोडी असते आणि बहुधा प्रकाशकाच्या हातात पडलेल्या रकमेवर मोजतात, छापील किमतीवर नाही. असल्या पुस्तकाच्या काही शे प्रती निघतात, तेव्हा बंगला बांधायचा विचार करू नये. दुसरी, चित्रांच्या परवानग्या आणि शेवटची सूची हे काम बहुधा लेखकाच्या माथी असतं. तिसरी, सरकारी नोकरांसाठी : आचारनियम वाचा आणि लेखी परवानगी घेऊन ठेवा. ऑफिसच्या फायलींतला कागद परवानगीशिवाय पुस्तकात घालायचा नाही. मी अभिलेखागारातले, सगळ्यांना खुले असलेले कागदच वापरले आणि तलाव सुट्टीच्या दिवशी पुन्हा स्वतः मोजले. चौथी आणि मला सगळ्यात महत्त्वाची : भाषांतराचे हक्क. छापील करारात ते सगळे प्रकाशकाकडे होते. मी विनंती केली की मराठी आणि गुजराती भाषांतराचे हक्क माझ्याकडे राहू द्या. त्यांनी एका पत्रात हो म्हटलं. विचारलं नसतं तर मिळालं नसतं. ज्या गावांच्या माणसांची नावं त्यात आहेत, त्यांच्या नातवंडांना ते इंग्रजीत वाचायला लागावं, हे मला पटत नव्हतं.

आता शेवटचं, आणि हे मी तुमच्याकडे मागतोय.

पणजोबांच्या वह्यांवर अनुक्रमांक आहेत. एक ते नऊ. आमच्याकडे सहा आहेत. चौथी, पाचवी आणि सहावी नाही. दांडिया बाजारातलं घर वाटणीत गेलं तेव्हा माळा रिकामा केला, आणि पस्तीवाल्याला किलोवर कागद दिले. ते मीच दिले. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि आलेल्या पैशांत आम्ही सगळे भाऊ सेव-उसळ खाऊन आलो. त्या तीन वह्यांत कुणाची नावं होती, ते आता कधीच कळणार नाही. पुस्तकात मी तसं स्पष्ट लिहिणार आहे.

इथं बसलेल्या कितीतरी घरांत अशी ट्रंक असेल. कुणाचे पणजोबा कोठीत कारकून, कुणाचे शाळेत मास्तर, कुणाचे महाल कचेरीत. हिशेबाची वही, घराचा कागद, सासरहून लिहिलेली पत्रं. तुम्हाला वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दी नाहीत. पस्तीवाल्याला बोलवायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, वहीवर कुणाच्या घरची ते पेन्सिलनं लिहा, आणि मला किंवा मंडळात कळवा. दर रविवारी दोन तास मी मोडी वाचायला इथं बसायला तयार आहे. ज्यांना शिकायचीय त्यांना शिकवीन, जेवढी मला येते तेवढी. कदाचित घरातली एखादी काठी खोटी निघेल. त्याची तयारी ठेवा. तिच्या जागी काय निघेल, ते वही उघडल्याशिवाय कळणार नाही.

मोजलं तेवढंच लिहायचं, हे खरं. पण मोजायला वही घरात शिल्लक असली पाहिजे.